कोपो कॅमारो

शेवरले कंपनीने 1969 साली ‘सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर’ (कोपो) या खास मागणीपद्धतीने बांधलेल्या, 427 घन इंच (सुमारे 7 लिटर) इंजिनाच्या कॅमारो मोटारी. छापील किंमतपत्रकात त्यांचा उल्लेख नव्हता, जाहिरात नव्हती आणि आत कोणते इंजिन आहे हे सांगणारा बिल्लाही अंगावर नव्हता. कंपनीच्या नियमाने ज्या गाडीला मज्जाव होता, ती मूठभर डीलरांनी शौकिनांच्या मागणीवर कारखान्याकडून काढून घेतली. अमेरिकन मसल कारच्या (मोठ्या, ताकदवान इंजिनाच्या गाड्यांच्या) इतिहासात निर्माता आणि दर्दी गिऱ्हाईक यांचे नाते इतके थेट क्वचितच दिसते.

शेवरलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने जानेवारी 1963 मध्ये आपल्या सर्व विभागांना शर्यतींतून अंग काढून घ्यायला सांगितले. मध्यम आकाराच्या गाडीत 330 घन इंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही, असाही दंडक होता. याच समूहातल्या पाँटिअ‍ॅकने 1964 मध्ये 389 घन इंचांचे इंजिन ‘जीटीओ’ नावाच्या ऐच्छिक पॅकेजच्या रूपाने आणून त्यातून वाट काढली आणि पहिल्याच वर्षी 32,450 गाड्या खपल्या. मिशिगनमधील रॉयल ओक येथील रॉयल पाँटिअ‍ॅक ही डीलरशिप याच गाड्यांना ‘बॉबकॅट’ संच बसवून देई. त्यात कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या मिश्रणावरचा दाब) वाढवणारी पातळ हेड गास्केट, कार्ब्युरेटरचे मोठे जेट, ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या अ‍ॅडव्हान्सची फेरजुळणी आणि इनटेक मॅनिफोल्डला एक्झॉस्टची उष्णता पोचू न देणारी बंद गास्केट असे. एकही पार्ट फार महाग नव्हता. कारखान्याने सगळ्यांसाठी ठेवलेली सावध सेटिंग एका गिऱ्हाइकासाठी बदलायची, एवढेच ते काम होते, आणि पुढच्या सगळ्या डीलर-बांधणीचे मूळ त्यातच आहे.

मर्यादा पुढे 400 घन इंचांवर गेली. 427चे इंजिन कॉर्व्हेटला मिळे, कॅमारोची धाव मात्र 396 वर संपे. तांत्रिक अडचण काहीच नव्हती. दोन्ही इंजिने एकाच कुळातली. स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्हींचा 3.76 इंच, फरक फक्त बोअरचा (सिलिंडरच्या व्यासाचा) – 4.094च्या जागी 4.251 इंच. माउंटिंग तेच आणि गिअरबॉक्सही तोच. त्यामुळे पेनसिल्व्हेनियातील कॅनन्सबर्गचे डीलर आणि शर्यतपटू डॉन येन्को यांनी 1967 पासून कॅमारोत 427 बसवून विकायला सुरुवात केली. पण नव्या गाडीचे इंजिन उतरवून दुसरे चढवणे हे मजुरीचे काम, आणि काढलेल्या इंजिनाची विल्हेवाट लावावी लागे ती वेगळीच.

कोपो पद्धत मुळात टॅक्सी, पोलीस खाते आणि मोठे ताफे यांच्यासाठी होती. वेगळा रंग किंवा जादा मजबूत सस्पेन्शन हवे असेल, तर डीलरने ठरलेला क्रमांक टाकून मागणी पाठवायची. शेवरलेच्या प्रॉडक्ट प्रमोशन विभागातील व्हिन्स पिगिन्स यांनी हीच खिडकी शौकिनांसाठी उघडली. क्रमांक 9561 टाकला की ‘एल72’ इंजिन येई: ओतीव लोखंडी ब्लॉक, 11:1 कॉम्प्रेशन, सॉलिड टॅपेट (कॅमवरून व्हॉल्व्ह ढकलणारे, हायड्रॉलिक नसलेले), चार बॅरलचा हॉली कार्ब्युरेटर, कागदावर 425 अश्वशक्ती. सोबत हवा ओढणारे उंच बॉनेट आणि 4.10 गुणोत्तराचा 12 बोल्टचा मागचा अ‍ॅक्सल. क्रमांक 9737 मध्ये ताशी 140 मैलांचा स्पीडोमीटर, 15 इंची चाके आणि जाड अँटी-रोल बार. येन्कोंनी दोन्ही जोडून सुमारे 200 गाड्या मागवल्या आणि पट्टे व बिल्ले आपल्या दुकानात लावले. बाकीच्या ज्याला क्रमांक ठाऊक त्याच्या. ज्या डीलरला माहितीच नव्हती, त्याच्याकडे पैसे घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकालाही ही गाडी मिळाली नाही.

क्रमांक 9560 त्याहून दुर्मीळ. त्यात अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकचे ‘झेडएल1’ इंजिन होते आणि एकूण 69 गाड्या बनल्या. इलिनॉयमधील ला हार्प या छोट्या गावचे डीलर फ्रेड गिब यांनी त्यांतल्या 50 मागवल्या. नुसत्या इंजिनाचे 4,160 डॉलर लागले, गाडी 7,200 डॉलरांच्या आसपास गेली आणि त्या किमतीला गिऱ्हाईक मिळेना. शेवटी कंपनीला बऱ्याच गाड्या परत घेऊन इतर डीलरांकडे वळवाव्या लागल्या.

अशा गाड्या घडवणारे फक्त कोपोचे डीलर नव्हते. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर बाल्डविन शेवरले आणि जोएल रोझेन यांचे मोशन परफॉर्मन्स मिळून ‘फेज थ्री’ गाड्या विकत. त्यांची हमी अशी: मान्यताप्राप्त ड्रॅगस्ट्रिपवर (सरळ रेषेतील शर्यतीच्या पट्टीवर), त्यांना मान्य असलेल्या चालकाच्या हाती पाव मैल 11.50 सेकंदांत आणि ताशी 120 मैलांनी पार होईल, नाहीतर पैसे परत. र्‍होड आयलंडच्या टास्का फोर्डने मस्टँगमध्ये 428 घन इंचांचे इंजिन बसवून दाखवले. ‘हॉट रॉड’ मासिकाने ती गाडी छापून वाचकांना हेन्री फोर्ड दुसरे यांच्याकडे मागणी करायला लावली, आणि 1968 मध्ये फोर्डने ‘428 कोब्रा जेट’ स्वतःच बाजारात आणली. महागलेला विमा, 1970चा स्वच्छ हवा कायदा आणि 1971 मध्ये जनरल मोटर्सने उतरवलेले कॉम्प्रेशन यांनी हा काळ संपवला. शेवरलेने 2012 मध्ये कोपो नाव पुन्हा काढले, सुरुवातीला वर्षाला 69 गाड्या ठरवून. त्या फक्त ड्रॅगस्ट्रिपसाठी असत.

खऱ्या-खोट्याची पारख. 1969च्या कॅमारोचा चासी नंबर इंजिन सांगत नाही. ओहायोतील नॉरवुड कारखान्यात बनलेल्या प्रत्येक व्ही-8 कूपेचा नंबर 124379एन असाच सुरू होतो, मग इंजिन साधे असो वा 427. याच काळातल्या डॉज-प्लिमथ गाड्यांत इंजिनाचे अक्षर नंबरातच असते, त्यामुळे तिथे नक्कल इतकी सोपी नाही. कॅमारोत पुरावा कागदांचा: डीलरचे बिल, पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेली बिल्ड शीट, आणि वॉरंटी पुस्तिकेतली ‘प्रोटेक्ट-ओ-प्लेट’ ही धातूची पट्टी. गाडीगणिक नोंदी कंपनीकडून मिळत नसल्याने शौकिनांनीच वर्षानुवर्षे गाड्या तपासून, कोड उतरवून, तारखा जुळवून याद्या केल्या. आज गाडीची किंमत ठरते ती त्यांच्या या कामावर.

इंजिनावर, उजव्या हेडच्या पुढच्या टोकाखाली सपाट पॅड असते. इंजिने बनवणाऱ्या टोनावांडा कारखान्याचा ‘टी’, जुळणीचा महिना-दिवस आणि शेवटी कोड असा ठसा तिथे हवा. एल72 इंजिनाच्या कोपोत मॅन्युअल गिअरबॉक्सला ‘एमएन’, ऑटोमॅटिकला ‘एमओ’. चासी नंबरचा उत्तरार्ध पॅडवर किंवा ऑइल फिल्टरजवळ सापडतो. ओतकामाची तारीख ब्लॉकवर वेगळी असते: ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी या क्रमाने, पुढे दिवस आणि वर्षाचा शेवटचा अंक. ओतकाम आधी, जुळणी नंतर, बॉडी त्याहून नंतर. हा क्रम उलटला तर इंजिन त्या गाडीचे नाही. भिंगाखाली पॅडवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेषा दिसायला हव्यात, त्या कारखान्यातील ब्रोचिंगच्या (दातेरी हत्याराने पृष्ठ तासण्याच्या) खुणा असतात. इंजिनकाम करताना डेक (ब्लॉकचा वरचा सपाट भाग) घासला की रेषा आणि ठसा दोन्ही जातात, आणि त्यात लबाडी काहीच नाही. पण रेषा गुळगुळीत आणि ठसा मात्र टवटवीत असेल, तर तो नंतर मारलेला आहे.

नॉरवुडच्या गाड्यांच्या बॉडीवरील पाटीवर (ट्रिम टॅग) डिसेंबर 1968 पासून ‘एक्स’चा कोड येतो. कोपो गाडीवर तो एक्स11 किंवा एक्स44 असतो. एक्स66 असेल तर ती मुळात एसएस396, म्हणजे 396 इंजिनाची नेहमीची सुपर स्पोर्ट गाडी आहे. मात्र एक्स11 साध्या गाड्यांवरही भरपूर आढळतो, म्हणून तो एकटा काहीच सिद्ध करत नाही.

देखभाल. 11:1 कॉम्प्रेशन आणि लोखंडी हेड यांना 1969चे शिसेयुक्त, उच्च ऑक्टेनचे पेट्रोल अपेक्षित होते. आजच्या साध्या पंपावरच्या पेट्रोलवर चढणीला नॉकिंग (अवेळी पेट घेण्याचा ठकठकाट) होते. ते दाबायला ठिणगीचे टायमिंग मागे घेतले की इंजिन तापते, म्हणून खरा उपाय रेसिंग फ्युएल मिसळणे किंवा कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन टाकणे. शिसे नसल्याने एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट खोल जातात. हेड उघडलेच तर कठीण सीट बसवून घ्याव्यात. सपाट टॅपेटच्या कॅमला झिंकयुक्त ऑइल लागते, नाहीतर लोब (कॅमवरचे उंचवटे) झिजून टॅपेटचा गॅप वाढतो आणि खडखड सुरू होते. गॅप कमी करून तेवढ्यापुरता आवाज थांबवला तरी झीज थांबत नाही. लोब मोजूनच निर्णय घ्यावा. नियमित चालवणारे बरेच मालक मूळ इंजिन उतरवून, तेल लावून, स्टँडवर गुंडाळून ठेवतात आणि त्याच मापाचा दुसरा ब्लॉक गाडीत घालतात. कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भगदाड पडले तर ठसा असलेला ब्लॉक पुन्हा मिळत नाही, आणि विक्रीच्या वेळी तोच मागितला जातो.