औषध खाद्यात मिसळलं, पण माशाच्या अंगात किती पोचलं?

मत्स्यपालक मित्रांनो,

"अँटिबायोटिक दिलं, तरी मर थांबली नाही, आता दुसरं द्या," असं सांगणारे ग्राहक आमच्याकडे नेहमी येतात. कधी औषध खरोखरच बदलावं लागतं. पण पुष्कळदा पहिलं औषध रोगाच्या जागेपर्यंत पोचलेलंच नसतं. तसं असेल तर दुसरंही पोचणार नाही, आणि अर्धवट मात्रेमुळे त्या औषधाला दाद न देणारे जंतू तेवढे तळ्यात उरतील. म्हणून बाटली विकण्याआधी हे पत्रक तुमच्या हातात देतो आहोत.

पहिला अडथळा: आजारी मासा खात नाही

हिशेब करून पाहा. तळ्यात 1,000 किलो मासे आहेत आणि मात्रा दर किलो वजनाला रोज 10 मिलिग्रॅम आहे. म्हणजे दिवसाला 10 ग्रॅम शुद्ध औषध लागेल. पाकिटावर 50 टक्के लिहिलं असेल तर पावडर 20 ग्रॅम. मासे वजनाच्या 2 टक्के, म्हणजे 20 किलो खाद्य खातात असं धरून तुम्ही ती त्यात मिसळली. पण आजारामुळे खाणं 10 किलोवर आलं असेल, तर मात्रा तिथेच निम्मी झाली. आणि ही निम्मी मात्राही सगळ्यांत सारखी वाटली जात नाही. धडधाकट मासे पुढे येऊन खातात, ज्यांना औषधाची खरी गरज आहे ते तळाशी नाहीतर कडेला सुस्त पडून असतात. म्हणून औषधी खाद्य मर वाढल्यावर नव्हे, खाणं कमी व्हायला लागताच सुरू करायला हवं, आणि मात्रा त्या दिवशी मासे खरोखर किती खातात ते मोजून ठरवायला हवी. औषध दाण्यावर तेलाचा थर देऊन चढवा, नाहीतर दाणा माशाच्या तोंडात जाण्याआधीच बरंचसं पाण्यात धुऊन जातं.

आतड्यातून रक्तात

इथे औषधा-औषधांत फार मोठा फरक आहे. सॅमन माशाला दिलेलं फ्लोरफेनिकॉल हे अँटिबायोटिक जवळजवळ सगळं रक्तात शोषलं जातं. टेट्रासायक्लिन गटातल्या ऑक्सिटेट्रासायक्लिनचं मात्र ट्राउटमध्ये जेमतेम 10 टक्क्यांच्या आसपास, आणि कार्पमध्ये त्याहूनही कमी शोषण होतं. उरलेलं विष्ठेतून बाहेर पडून तळाच्या गाळात साठतं. ऑक्सिटेट्रासायक्लिनची मात्रा फ्लोरफेनिकॉलच्या कित्येक पट ठेवावी लागते ती यामुळेच.

शोषण इतकं कमी का? कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दिसले की टेट्रासायक्लिन त्यांना घट्ट चिकटतं, आणि चिकटलेलं औषध आतड्याच्या भिंतीतून पार होत नाही. खाद्यातल्या खनिजांमुळे हे होतंच, पण खाऱ्या पाण्यात अडचण दुहेरी असते. समुद्री मासा शरीरातलं पाणी टिकवण्यासाठी सतत समुद्राचं पाणी पितो, त्यामुळे त्याचं आतडं या क्षारांनी भरलेलं असतं. गोड्या पाण्यातला मासा फारसं पाणी पीतच नाही.

औषध पाण्यात सोडून काम भागेल का, असं बरेच जण विचारतात. कल्ल्यांतून थोडं औषध आत जातं. पण शरीरात पसरलेल्या रोगासाठी ते क्वचितच पुरतं, कठीण, म्हणजे हेच क्षार जास्त असलेल्या, पाण्यात टेट्रासायक्लिन आणखी निकामी होतं, आणि पाणी फिरवून वापरत असाल तर फिल्टरमधले अमोनिया खाणारे उपयोगी जंतूही मरू शकतात. आम्ही हा मार्ग सहसा सुचवत नाही.

रक्तातून पुढे कुठे?

यकृत आणि मूत्रपिंड यांना रक्ताचा पुरवठा भरपूर, त्यामुळे तिथे औषध लवकर आणि जास्त पोचतं. ही जमेची बाजू आहे, कारण अनेक रोगांत जंतू मूत्रपिंडातच दाटीने बसलेले असतात. मेंदूत फ्लोरफेनिकॉलचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा बरंच कमी राहतं. पू धरलेल्या गाठीत किंवा मेलेल्या मांसात रक्तच जात नाही, मग औषध तरी कसं जाणार? तसे मासे वेगळे काढावेत, हे उत्तम.

टेट्रासायक्लिनची एक खोड लक्षात ठेवा: ते हाडांत आणि खवल्यांत जाऊन बसतं. मांसातून गेल्यावरही तिथे दीर्घकाळ राहतं, इतकं की अतिनील प्रकाशात त्याची खूण चमकते, आणि संशोधक माशांवर खूण करण्यासाठी याच गुणाचा उपयोग करतात. युरोपात अवशेषांची तपासणी मांस आणि त्वचा एकत्र धरून होते. म्हणून नुसतं मांस तपासून निर्धास्त होऊ नका.

बाहेर पडायला लागणारे दिवस

माशाचं शरीर पाण्याच्या तापमानावर चालतं. गार पाण्यात शोषण मंद आणि औषध बाहेर पडणंही मंद. म्हणून औषध बंद केल्यापासून मासे विक्रीला काढेपर्यंत थांबायचा काळ अनेकदा 'डिग्री-दिवसां'त सांगतात: पाण्याचं सरासरी तापमान गुणिले दिवस. 500 डिग्री-दिवस म्हणजे 25 अंशांच्या पाण्यात 20 दिवस, पण 10 अंशांच्या पाण्यात 50. उन्हाळ्यात चाललेला हिशेब थंडीत तसाच लावला, तर औषध अंगात असलेला मासा कुणाच्या तरी ताटात जाईल. आम्हाला ते मान्य नाही. लेबलवर दिवस दिले असतील तर तेच पाळा. पित्तातून आतड्यात उतरलेलं औषध काही वेळा पुन्हा रक्तात शोषलं जातं, त्यामुळे दोन-चार दिवस आधी काढलं तर काय बिघडलं, असा अंदाज बांधू नका.

क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. खाण्याच्या प्राण्यांत त्यांच्यावर अनेक देशांत बंदी आहे आणि आम्ही ही औषधं ठेवत नाही.

औषध घ्यायला याल तेव्हा पशुवैद्यकाची चिठ्ठी आणा आणि सोबत चार गोष्टी लिहून आणा: माशांचं अंदाजे एकूण वजन, गेल्या तीन दिवसांत त्यांनी प्रत्यक्ष किती खाद्य खाल्लं, पाण्याचं सकाळ-संध्याकाळचं तापमान, आणि पाणी गोडं की खारं. ताजा आजारी मासा बर्फावर ठेवून आणलात तर जंतू कोणता आणि कोणतं औषध त्याला लागू पडतं, हे प्रयोगशाळेतून तपासून घेता येईल. मेलेला, फुगलेला मासा त्यासाठी चालत नाही.