एकट्याने महासागर पार करण्याची शिडनौका शर्यत: पात्रता, कागदपत्रे, अर्ज

अर्ज भरायला तासभर पुरतो. त्यात अनुभव म्हणून दाखवायचे सागरी मैल जमवण्यात मात्र दोन-तीन वर्षे सहज जातात. म्हणून नौका घेण्याआधी त्या शर्यतीची ‘नोटीस ऑफ रेस’, म्हणजे आयोजकांचे नियमपत्रक, वाचा; नियम त्यातलेच लागू होतात.

साडेसहा मीटरच्या नौकांची, अटलांटिक पार करण्याची मिनी ट्रान्सॅट शर्यत घ्या. तिच्यासाठी त्याच नौकेवर शर्यतींमधले १,५०० सागरी मैल लागतात, शिवाय शर्यतीबाहेर एकट्याने, कुठेही न थांबता १,००० मैल. २०२२ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत ८,००० मैलांचा सागरी अनुभव आणि वर २,००० मैल एकट्याने, अशी अट होती. नौकाही १९८८ पूर्वीच्या रचनेचीच हवी. मैलांचा पुरावा म्हणजे लॉगबुक. तारीख, वेळ, स्थान, वारा, वायुभार, शिडांतले बदल हे सगळे त्या-त्या वेळीच लिहा. किनाऱ्यावर येऊन एका बैठकीत भरलेली वही अनुभवी डोळ्यांना लगेच कळते.

कागदपत्रांत पासपोर्ट, वैद्यकीय प्रमाणपत्र, प्रथमोपचार आणि सागरी बचाव प्रशिक्षण, रेडिओ चालवण्याचा परवाना, नौकेची नोंदणी, त्रयस्थ पक्ष विमा आणि लाइफराफ्टच्या (फुगवायच्या जीवरक्षक तराफ्याच्या) सर्व्हिसिंगचा दाखला साधारणपणे मागतात. प्रमाणपत्राची मुदत अर्जाच्या दिवशी नव्हे, शर्यत संपेपर्यंत चालू हवी. बचाव प्रशिक्षण बहुधा पाच वर्षांच्या आतले लागते.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते ईपर्बच्या नोंदणीकडे. हे ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संकटाचा संदेश देणारे यंत्र. जुन्या नौकेबरोबर ते आले असेल आणि नोंदणी बदललेली नसेल, तर बचाव केंद्राचा फोन जाईल आधीच्या मालकाच्या घरी! २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात गोल्डन ग्लोब शर्यतीतले भारतीय नौकापटू अभिलाष टॉमी डोलकाठी मोडून पाठीच्या दुखापतीने नौकेत अडकून पडले होते. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. एवढ्या दूरवर मदत यायला दिवस लागतात, त्यात चुकीच्या फोन नंबरची भर नको. संपर्कासाठी किनाऱ्यावरच्या दोन माणसांची नावे द्या, आणि तुमचा मार्ग त्यांना ठाऊक असू द्या.

शुल्क भरून मिळालेला प्रवेश बहुतेकदा तात्पुरता असतो. जागा मोजक्या, प्रतीक्षा यादी लांब. मैल आणि कागद ठरल्या तारखेपर्यंत पोहोचले तरच नाव पक्के होते. पुढे सुटण्याच्या बंदरात तपासणी होते: वादळी शिडे, सुरक्षा दोर, लाइफराफ्ट, पंप प्रत्यक्ष पाहतात. तिथे त्रुटी निघाली, तर ती दूर होईपर्यंत नौकेला सुटता येत नाही. तेव्हा बंदरावर चार दिवस आधीच पोहोचलेले बरे.