पुंगळी, टोपी, दारू, गोळी : हलक्या रायफलीच्या काडतुसामागचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात नागपुरातल्या एका हत्यारांच्या दुकानात बसलो होतो. एका जुन्या मालगुजार घराण्यातला नातू आजोबांची रायफल जमा करायला आला होता. परवानाधारक वारला की हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं, त्यासाठी. कापडात गुंडाळलेली रायफल बाहेर आली. नाजूक नळी, हलका दस्ता, चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोची, .२२ हॉर्नेट (.२२ म्हणजे नळीचा इंचांतला अंदाजे व्यास). सोबत बिस्किटाच्या डब्यात काही रिकाम्या पुंगळ्या. शेजारी काटोलकडचे एक संत्रा बागायतदार बसले होते. रायफल बघून त्यांनी लगेच विचारलं, "भाऊ, हे डुकरासाठी चालन का?"

दुकानदार "नाही काका" म्हणाला आणि कामाला लागला. उत्तर बरोबरच होतं, पण ते का बरोबर आहे हे समजायला शंभर-दीडशे वर्षं मागे जावं लागतं. विदर्भात रानडुक्कर आणि रोह्यांनी (नीलगायींनी) शेतकऱ्याला रात्ररात्र जागल करायला लावली आहे आणि 'उपद्रवी प्राण्यांसाठी हलकी रायफल' हे शब्द हल्ली फार सहज बोलले जातात. म्हणून ही पार्श्वभूमी.

हॉर्नेट ज्या जातीची रायफल आहे तिला अमेरिकेत 'वर्मिंट रायफल' म्हणतात. आपण त्याचं भाषांतर 'उपद्रवी प्राण्यांची रायफल' असं करतो आणि घोटाळा तिथेच होतो. अमेरिकन शेतकऱ्याचा वर्मिंट म्हणजे वुडचक किंवा प्रेअरी डॉग. वुडचक कुरणात बिळं करतो, बिळात गुरांचे पाय मोडतात. वजन तीन ते पाच किलो. आपला उपद्रवी प्राणी म्हणजे सोयाबीन लोळवून टाकणारं रानडुक्कर, नर शंभर किलोपर्यंतही भरतो. त्यांना लांबून दिसणारं छोटं लक्ष्य अचूक टिपायचं होतं, आपल्यासमोर जाड कातड्याचा, जखमी झाला तर माणसावर उलटणारा प्राणी आहे. हॉर्नेटचं काडतूस पहिल्या कामासाठी जन्मलं.

त्याचा जन्मही घरगुती प्रयोगातूनच झाला. १८८५ च्या सुमारास विंचेस्टरने काळ्या दारूचं .२२ चं एक मवाळ काडतूस काढलं होतं. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागाराशी संबंधित काही हौशी मंडळींनी त्याच पुंगळीत धूरविरहित दारू भरून पाहिली. कॅप्टन ग्रॉसव्हेनर वॉटकिन्स आणि टाउनसेंड व्हेलेन ही त्यातली ठळक नावं. विंचेस्टरने १९३० मध्ये हे काडतूस बाजारात आणलं, तेव्हा त्यासाठी कारखान्यात बनलेली रायफल अजून मिळतही नव्हती. गोळी ४५ ग्रेनची. आपल्या सराफाच्या भाषेत बरोबर पाव तोळा, कारण इंग्रजांनी १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवला होता. हा पाव तोळा सेकंदाला अडीच हजार फुटांच्या आसपास वेगाने जायचा. १९३५ मध्ये .२२० स्विफ्ट आलं, त्याने ४८ ग्रेनच्या गोळीचा वेग सेकंदाला ४,१०० फुटांवर नेला आणि नळ्या लवकर झिजतात अशी ओरडही सोबत आणली. १९५० मध्ये रेमिंग्टनच्या माइक वॉकरचं .२२२ आलं. वेग आणि अचूकपणा यांचा मेळ त्यात असा जमला की टेबलावर रायफल टेकवून खेळायच्या नेमबाजीच्या स्पर्धांत ते पुढे कितीतरी वर्षं राज्य करत होतं. त्याचाच वंश पुढे .२२३ मध्ये, म्हणजे लष्करी ५.५६ मध्ये गेला.

हाताने काडतूस भरणारा माणूस चार गोष्टी निवडतो : पुंगळी, टोपी (ठेच लागताच पेटून दारू पेटवणारा बुडाचा छोटा भाग), दारू, गोळी. यातली प्रत्येक निवड कुठल्या तरी जुन्या संकटाचं उत्तर आहे. आणि सगळ्यात महत्त्वाच्या भागाचं, पुंगळीचं संकट आपल्याच पावसाळ्यात उघडकीला आलं. मला या सगळ्या विषयाची ओढ लागली ती याच गोष्टीमुळे.

पुंगळी पितळेची असते, साधारण सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजा पावसाळ्यात मोहिमा थांबवायच्या आणि दारूगोळा कोरड्या जागी म्हणून तबेल्यांत ठेवायच्या. छावणी म्हटली की तबेले आलेच, आपल्या कामठीची छावणीही १८२१ पासूनची. पाऊस संपल्यावर पेट्या उघडल्या की पितळी पुंगळ्यांना उभ्या चिरा गेलेल्या दिसायच्या, तेही नेमक्या जिथे पुंगळीचं तोंड गोळीवर आवळलेलं असायचं तिथे. हा ऋतूचा दोष समजला गेला आणि इंग्रजीत त्या चिरांना ऋतूवरूनच नाव पडलं. खरं कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी मांडलं. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटतो, दमट हवेत तो पितळेवर बसतो, आणि ठोकून-दाबून आकार दिलेल्या पितळेत जो ताण कोंडलेला असतो त्या ताणाच्या रेषेवर पितळ आपसूक तडकतं. अमोनिया एकटा पुरत नाही, ताणही एकटा पुरत नाही. दोन्ही भेटले की चीर.

उपाय भंडाऱ्याच्या कुठल्याही कासाराला सांगावा लागला नसता. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. भांडं घडवताना हातोड्याखाली पितळ कडक होत जातं, एका मर्यादेपलीकडे ठोकलं तर फाटतं. म्हणून कारागीर मध्येच ते भट्टीत घालून ताव देतो, पितळ पुन्हा मऊ होतं आणि काम पुढे चालतं. पुंगळीच्या गळ्याला नेमका हाच ताव देतात. लष्करी काडतूस जवळून पाहिलं तर गोळीच्या खाली गळ्यावर निळसर-जांभळी झाक दिसते. पुष्कळांना तो डाग वाटतो, पण तो तावाचा माग आहे. बुडाला मात्र ताव लागता कामा नये. स्फोटाचा सगळा दाब बूड पेलतं, ते कडकच हवं. गळा मऊ आणि बूड कडक, एकाच बोटभर वस्तूत.

रीलोडिंग, म्हणजे रिकामं काडतूस पुन्हा भरण्याचं काम, करणारा तीच पुंगळी पुन्हा पुन्हा वापरतो. प्रत्येक वेळी गळा फुगतो, साच्यात पुन्हा आवळला जातो आणि आणखी कडक होतो. म्हणून पुंगळी निवडताना तो गळ्याच्या आतबाहेर नखाने चाचपतो, एकाच कारखान्याच्या आणि एकाच खेपेच्या पुंगळ्या एकत्र ठेवतो, वजन करून पाहतो. हॉर्नेटची पुंगळी तर पातळ भिंतीची आणि निमुळती, ती ताणली लवकर जाते. दुकानातल्या त्या बिस्किटाच्या डब्यात मी एक पुंगळी उचलली. बुडावर किनॉकचं नाव, आणि गळ्यावर केसाएवढी उभी चीर. तबेला नव्हता, कपाट होतं. चीर नेमकी कशाने आली ते नुसतं बघून सांगता येत नाही, पण विदर्भातल्या वाड्यात पन्नास-साठ पावसाळे काढले होते तिने.

टोपीची गोष्ट थोडी निराळी. आपल्याकडे 'टोपीदार बंदूक' हा शब्द अजून आहे, आणि गडचिरोलीकडे भरमार, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासायची बंदूक, आजही पोलिसांच्या बातम्यांत भेटते. ठेच लागताच पेटणाऱ्या मसाल्यावर चालणाऱ्या चापाचं पेटंट स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर फॉर्सिथ या पाद्र्याने १८०७ मध्ये घेतलं. पाऱ्याचं फल्मिनेट त्यात आलं, आणि पुढे पारा पितळेत शिरून पुंगळी ठिसूळ करतो हे लक्षात आलं. पोटॅशियम क्लोरेटच्या टोप्यांनी नळीत मीठ सोडलं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुलै-ऑगस्टात दोन दिवसांत नळीला गंज चढतो. जुने शिकारी बार काढल्यावर नळीतून उकळतं पाणी ओतायचे ते याचसाठी, तेलात मीठ विरघळत नाही. १९२० च्या दशकाअखेर शिशाच्या स्टिफनेटवरच्या, गंज न आणणाऱ्या टोप्या आल्या तेव्हापासून हा त्रास हळूहळू संपत गेला.

टोपीच्या रचनेत एक मजेदार अदलाबदल झाली आहे. १८६० च्या दशकात इंग्रज एडवर्ड बॉक्सर आणि अमेरिकन हायरम बर्डन यांनी दोन वेगळ्या टोप्या काढल्या. बॉक्सरच्या पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असतं, एका सळीने जुनी टोपी बाहेर ढकलता येते. बर्डनच्या पद्धतीत बाजूला दोन बारीक भोकं असतात, तिथे सळीने टोपी ढकलता येत नाही. इंग्रजाची टोपी अमेरिकेने उचलली, अमेरिकनाची टोपी युरोपने. घरगुती रीलोडिंग अमेरिकेत फोफावलं आणि युरोपात मागे राहिलं, त्यामागे हे एक भोकही आहे असं माझं मत आहे.

दारूच्या बाबतीत नागपूरकराने एक गोष्ट मनात पक्की धरावी : उष्णता. पॉल विएलने १८८४ मध्ये फ्रान्समध्ये धूरविरहित दारू बनवली, नोबेलने पाठोपाठ बॅलिस्टाइट काढलं, आणि १८८९ मध्ये इंग्रजांचं कॉर्डाइट आलं, शेवयांसारखं दोऱ्या-दोऱ्यांचं. कॉर्डाइट तापलं की जास्त जोराने जळतं आणि दाब वाढतो. इंग्लंडच्या थंडीत तपासलेलं काडतूस हिंदुस्थानच्या मे महिन्यात पुंगळी नळीत चिकटवायचं, बोल्ट उघडेना असं व्हायचं. म्हणून विलायती कंपन्या उष्ण देशांसाठी कमी दारू भरलेली वेगळी काडतुसं विकायच्या. नागपूरचा पारा ४७ अंशांच्या वर गेल्याची नोंद आहे, आणि उन्हात उभ्या जीपच्या डॅशबोर्डवर तर त्याहून कितीतरी जास्त तापतं. पुस्तकातला आकडा जिथे काढला तिथल्या हवेचा असतो. छोट्या पुंगळीत दारू मुळातच चिमूटभर, त्यामुळे किंचित फरकानेही दाबाचं प्रमाण झपाट्याने बदलतं. लहान काडतूस म्हणजे कमी धोका, ही समजूत इथे उलटते.

गोळी निवडताना नळीतला पीळ, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या वळणदार खाचा, बघावा लागतो. लांब गोळीला जास्त फिरकी लागते, आखूड गोळीला कमी. याचं गणित वूलिचच्या जॉर्ज ग्रीनहिलने १८७९ मध्ये मांडलं. त्याच्याही आधी, नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात नोकरीला असलेला कॅप्टन जेम्स फॉर्सिथ (आडनाव तेच, माणूस दुसरा) रायफल आणि गोळी यांवर पुस्तक लिहून गेला होता. सातपुड्यात गव्यामागे हिंडणाऱ्या या माणसाला जाड गोल गोळी आणि भरपूर दारू हवी होती, म्हणून त्याने पीळ अगदी सैल ठेवला, १०४ इंचांत जेमतेम एक फेरा. हॉर्नेटच्या पहिल्या नळ्या साध्या .२२ च्या नळ्यांवरून आल्या, पीळ १६ इंचांत एक फेरा. तो सुद्धा आजच्या मानाने सैलच, म्हणून हॉर्नेटला आखूड, हलकी गोळीच मानवते. शिवाय जुन्या हॉर्नेटच्या गोळीचा व्यास .२२३ इंच होता, नंतर .२२४ झाला. इंचाचा हजारावा भाग, पण जुनी रायफल हाती असेल तर आधी नळी मोजायची आणि मगच गोळी.

गोळीच्या तांब्याच्या कवचालाही इतिहास आहे. कलकत्त्याजवळच्या डमडम शस्त्रागारात १८९० च्या दशकात कॅप्टन बर्टी-क्ले याने टोकाचं कवच उघडं ठेवलेली, लागताच फुलणारी गोळी बनवली. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात अशा गोळ्यांना मनाई केली, शिकारीत त्या राहिल्या. वर्मिंटच्या गोळीचं कवच तर मुद्दाम कागदासारखं पातळ ठेवतात, ती मातीला लागताच चुरा व्हावी आणि टप्पा खाऊन कुणाच्या गोठ्याकडे जाऊ नये म्हणून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कवचासाठी तांबं मिळेना तेव्हा व्हर्नन स्पीअर आणि जॉइस हॉर्नेडी यांनी .२२ च्या वापरलेल्या पुंगळ्याच दाबून त्यांची कवचं केली. फ्रेड हंटिंग्टनने त्याच काळात असे साचे बनवले. त्याच्या 'आरसीबीएस' कंपनीच्या नावातली पहिली दोन अक्षरं रॉक चक या वर्मिंटचीच. युद्ध संपल्यावर ब्रूस हॉजडन सरकारी शिल्लक दारू विकत घेऊन टपालाने विकू लागला. हा सगळा छंद टंचाईतून आणि शिल्लक मालातून उभा राहिला आहे.

आपल्याकडे तो उभा राहिला नाही. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रंही येतात, आणि बनवण्यासाठी वेगळा परवाना लागतो. म्हणजे बंदुकीचा परवाना आहे म्हणून घरी काडतूस भरता येत नाही. मला हे बंधन रास्त वाटतं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, वरणगाव, अंबाझरी आणि भंडाऱ्याजवळचं जवाहरनगर १९६० च्या दशकातले. जवाहरनगरला तर दारू आणि स्फोटकंच बनतात, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथे स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले. जिथे सगळी शिस्त, अंतर आणि तपासणी आहे तिथे ही गत, मग स्वयंपाकघराशेजारच्या टेबलावर काय होईल?

काटोलच्या काकांचा प्रश्न मात्र तसाच राहत होता. दुकानदाराने मग त्यांना बसवून सांगितलं की रानडुकरासाठी आधी वन विभागाकडे अर्ज करा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ११ खाली, उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची जुनी पाचवी अनुसूचीच काढून टाकली, त्यामुळे 'तो उपद्रवीच आहे, मारलं तर चालतं' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पंचनाम्याचा कागद आणि सातबारा सोबत न्या. काकांनी मोबाइलवर लिहून घेतलं. नातवाने रायफल पुन्हा कापडात गुंडाळली, पावती घेतली, आणि डब्यातल्या पुंगळ्या एकेक मोजून दुकानदाराच्या वहीत नोंदवल्या. चीर गेलेली पुंगळी त्याने शेवटी मोजली. त्या होत्या एकोणीस.