पोल्का आणि डान्स हॉल

पोल्का हे दोन मात्रांच्या चपळ ठेक्यावर जोडीने करायचे युरोपीय लोकनृत्य. त्याचा जन्म १८३० च्या दशकात बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात झाला. मात्र पिढ्यान् पिढ्या लोकांच्या आठवणींत ते रुजले अमेरिकेत, मध्यपश्चिमेकडील राज्यांत आणि टेक्सासात स्थलांतरितांनी स्वतः उभारलेल्या सभागृहांत. तिकडे त्या जागेला नुसते ‘हॉल’ म्हणतात. हॉल वगळून पोल्काचा इतिहास लिहिला, तर हाती फक्त तबकड्या आणि पारितोषिके लागतात. म्हणून या नोंदीत हॉलला नृत्याच्या बरोबरीने जागा दिली आहे.

नृत्याची चाल थोडक्यात अशी : एक हलकी उडी, मग तीन झटपट पावले, पुढच्या ठेक्याला तेच दुसऱ्या पायाने. जोडी स्वतःभोवती गिरक्या घेत असते आणि त्याच वेळी सगळा हॉल घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरत असतो. वेगात नाचणारे कडेने जातात, सावकाश नाचणारे आतल्या बाजूने आणि मुले मधोमध हुंदडतात. शिकण्यासाठी शाळा नसे. आजोबांच्या बुटांवर पाय ठेवून, त्यांचे दोन्ही हात धरून ठेका अंगात भिनवायचा, ही पहिली शिकवणी. असे सांगणारी माणसे विस्कॉन्सिनपासून टेक्सासपर्यंत भेटतात. पुरुष जोडीदार नसला म्हणून कोणी बसून राहत नसे. दोन बहिणी, आई आणि मुलगी, आजी आणि नातू अशा जोड्या सर्रास दिसत आणि त्याकडे कोणी वळून पाहत नसे.

युरोपातली हकिकत लवकर आटोपते. प्राग आणि व्हिएन्नामार्गे पोल्का पॅरिसला पोहोचला आणि १८४४ च्या सुमारास त्या शहराला त्याने अक्षरशः वेड लावले. व्हिएन्नाच्या योहान श्ट्राउस या संगीतकार पितापुत्रांनी पोल्कांच्या रचना केल्या, तर चेक संगीतकार स्मेतानाने १८६६ साली रंगमंचावर आलेल्या आपल्या ऑपेरात पोल्का घातला. उच्चभ्रूंच्या दिवाणखान्यांत ही लाट काही दशकांत ओसरली. शेतकरी, खाणकामगार आणि कारागीर यांनी मात्र तो सोडला नाही. चेक, जर्मन, पोलिश आणि स्लोव्हेनियन कुटुंबे अमेरिकेला गेली, तेव्हा तो त्यांच्याबरोबर गेला.

या लोकांना नव्या देशात सर्वांत आधी निकड भासली ती आजारपणात आणि मृत्यूनंतर घरच्यांना आधार मिळण्याची. त्यातून परस्पर साहाय्याच्या संस्था निघाल्या. चेक लोकांची सीएसपीएस ही संस्था १८५४ मध्ये सेंट लुई येथे स्थापन झाली. १८९७ मध्ये ओमाहा येथे झेडसीबीजे आणि त्याच वर्षी टेक्सासात एसपीजेएसटी या संस्था उभ्या राहिल्या. सभासदाने ठरलेली वर्गणी भरायची आणि तो गेल्यावर त्याच्या कुटुंबाला रक्कम मिळायची, असा हा व्यवहार. बैठकांना जागा हवी म्हणून गावोगावच्या शाखांनी हॉल बांधले. लाकूड कोणी दिले, कोणी बैलगाडी, कोणी नुसती अंगमेहनत. क्लीव्हलंड शहरातील सेंट क्लेअर अव्हेन्यूवरचे स्लोव्हेनियन नॅशनल होम १९२४ मध्ये खुले झाले. त्यासाठी तिथल्या मंडळांनी आणि साध्या कामगारांनी समभाग घेऊन भांडवल जमवले होते. नाटक, कवायत, वाचनालय, कामगारांच्या सभा, लग्न आणि अंत्यविधीनंतरचे जेवण असे सगळे एकाच छताखाली चाले. शनिवार-रविवारच्या नाचाच्या तिकिटांतून छपराची डागडुजी आणि हिवाळ्यातल्या कोळशाचा खर्च निघे. हॉल कोणा धनिकाचा नव्हता. तो आपला होता, ही जाणीव जुन्या माणसांच्या बोलण्यात आजही ठसठशीत उमटते.

बांधणीतही शहाणपण होते. नाचाच्या जागेत खांब आड येऊ नयेत म्हणून पुष्कळ ठिकाणी लाकडी कमानींवर अर्धगोल छप्पर पेलले जाई. टेक्सासातील बेलव्हिल टुर्नफेराइन (१८९७) हा जर्मन समाजाचा हॉल याउलट बाराकोनी आहे. त्याच्या मधल्या खांबाभोवती नाचाचा फेर आपोआप जमतो. जमीन बहुधा मेपलसारख्या कठीण लाकडाची असे. नाचाआधी तिच्यावर मेणाचा चुरा, कुठे कुठे मक्याचे पीठ शिंपडत, म्हणजे तळवा सरकतो आणि गिरकी घेताना गुडघ्यावर ताण येत नाही. मोठी माणसे येण्याआधी मुले त्या चुऱ्यावर धावत येऊन घसरायची. मेण जमिनीत मुरवण्याचे काम त्यांच्या खेळातूनच होऊन जाई!

संध्याकाळचा क्रम साधारण ठरलेला असे. वादक एका बैठकीत सलग दोन-तीन पोल्का वाजवत, मग वॉल्ट्झ किंवा लेंडलर, मधूनच शॉटिश अशी इतर जोडीनृत्ये. मग घडीभर विश्रांती. बाजूच्या खोलीत बिअर, स्वयंपाकघरात बायकांनी सकाळपासून रांधलेले सॉसेज, कोबी, शेवया आणि केक. मध्यरात्रीच्या आसपास पुन्हा खाणे निघे. लहान मुले पेंगुळली की त्यांना भिंतीकडेच्या बाकांवर, बाकांखाली गोधड्या पसरून किंवा कोटांच्या ढिगावर निजवत. बँड चालूच राही. हॉलच्या आठवणी सांगताना लोक सर्वांत जास्त वेळा या झोपेविषयी बोलतात : बुटांची लय, वरून येणारा अकॉर्डियनचा आवाज आणि आईवडील इथेच आहेत याची खात्री. तीन पिढ्या एकाच वेळी, एकाच सुरावर करमणूक करून घेत, ही या हॉलची खरी थोरवी होय. वयानुसार करमणूक वाटून टाकलेल्या आजच्या काळात तिचे मोल अधिकच जाणवते.

लग्नाच्या रात्री हॉलला वेगळेच तेज चढे. पोलिश लग्नात नवरीबरोबर नाचायला रांग लागे. एखादी मावशी किंवा आत्या एप्रन पसरून उभी राही आणि प्रत्येक जण त्यात नोट टाकून नवरीला एक फेरी नाचवी. त्या पैशांतून नवा संसार उभा राही. ‘ग्रँड मार्च’ने सगळे पाहुणे एका सूत्रात येत : पुढे वधूवर, मागे जोडीमागे जोडी, मग चौघांची रांग, मग आठांची, पुन्हा फुटून कमानीखालून जाणाऱ्या साखळ्या. गोव्यातील ख्रिस्ती लग्नांत ग्रँड मार्च आजही होतो. तिथे तो पोर्तुगीज वळणाच्या समाजात रुळला, अमेरिकेत मध्य युरोपीय घरांत. युरोपच्या नृत्यशाळांतला हा संकेत दोन दूरच्या किनाऱ्यांवर लग्नघरांनीच सांभाळला.

पोल्काचा मुख्य आवाज अकॉर्डियनचा. महाराष्ट्रातल्या वाचकाला तो परका वाटू नये, कारण आपल्या पेटीप्रमाणेच त्यातही भात्याच्या हवेने धातूच्या पट्ट्या कंप पावतात. तेच तत्त्व कॉन्सर्टिना या हातात धरून वाजवायच्या भात्याच्या वाद्यातही आहे. कार्ल फ्रीडरिश उलिग याने १८३४ मध्ये केमनित्स येथे घडवलेल्या कॉन्सर्टिनाचे वंशज मिनेसोटा आणि शिकागोत अजून वाजतात. वाद्यमेळावरून जाणकार गाव ओळखतात. मिनेसोटातील न्यू अल्म या जर्मनबहुल गावाची रीत ट्यूबा या मोठ्या पितळी वाद्याच्या जाड खर्जावर आणि कॉन्सर्टिनावर उभी आहे. जॉन विल्फार्ट (१८९३–१९६१) हा तिथला लाडका वादक ‘व्हूपी जॉन’ नावाने प्रसिद्ध होता. पूर्व विस्कॉन्सिनमधील बोहेमियन वळणात रोमी गॉशचा ट्रम्पेट पुढे असे. क्लीव्हलंडच्या स्लोव्हेनियन पद्धतीत पितळी वाद्ये बाजूला ठेवून दोन अकॉर्डियन आणि बँजो यांचा गुळगुळीत, वेगवान मेळ साधतात.

या शेवटच्या पद्धतीला देशभर नेले फ्रँकी यांकोविचने (१९१५–१९९८). त्याच्या घरी स्लोव्हेनियन कामगार जेवूनखाऊन राहत. त्यांच्यापैकीच एकाकडून तो बटनांचा अकॉर्डियन शिकला. १९४८ मध्ये मिलवॉकी येथील स्पर्धेत तो ‘पोल्काचा राजा’ ठरला. १९८६ मध्ये पोल्कासाठीचा पहिला ग्रॅमी पुरस्कारही त्यालाच मिळाला. सतत गाडीने फिरत राहून छोट्या गावांतल्या हॉलमध्ये वाजवणे त्याने कीर्ती मिळाल्यावरही थांबवले नाही. शिकागोत लिल वॉली यागेलोने (१९३०–२००६) उलट दिशा धरली. त्याने लय उतरवली, पोलिश खेड्यांतली गाणी मोकळ्या गळ्याने म्हटली आणि गाता गाता स्वतःच ड्रम वाजवला. लोकांना त्यात आपल्या आजोळची बोली ऐकू आली. पुढे एडी ब्लाझोनचिकने त्याच ढंगात रॉक अँड रोलचा जोम मिसळला.

टेक्सासात पोल्काने भाषेची कुंपणे ओलांडली. जर्मन आणि चेक शेजाऱ्यांचा अकॉर्डियन मेक्सिकन शेतमजुरांनी उचलला, त्याला बाहो सेक्स्तो या बारा तारांच्या गिटारची जोड दिली आणि कॉन्हुंतो संगीत घडले. नार्सिसो मार्तीनेझ (१९११–१९९२) हा त्याचा आद्य पुरुष मानला जातो. त्याच्या तबकड्यांना खप इतका होता, की कंपनीने त्याच ध्वनिमुद्रणांवर पोलिश गिऱ्हाइकांसाठी ‘पोल्स्की क्वार्तेत’ आणि लुइझियानातील फ्रेंच भाषकांसाठी ‘लुइझियाना पीट’ असे शिक्के मारून ती विकली. ऐकणाऱ्यांना हा आपल्यातलाच वाटला, यापेक्षा मोठी दाद कोणती? ॲरिझोनातील तोहोनो ओओधाम या मूलनिवासी समाजाचे ‘वायला’ नृत्यसंगीतही पोल्काच्या ठेक्यावरच चालते आणि रात्रभर चालते.

दुसऱ्या महायुद्धानंतरची काही वर्षे भरभराटीची होती. यारोमीर वेइवोदा या चेक संगीतकाराची एक चाल त्याआधीच, १९३९ मध्ये, ‘बिअर बॅरल पोल्का’ या नावाने अमेरिकाभर गाजली. मिलवॉकीत बेसबॉलच्या सामन्यांना प्रेक्षक ती आजही गातात. पुढे रॉक संगीत आले, दूरचित्रवाणीने शनिवारची संध्याकाळ घरात अडकवली, तरुण उपनगरांत गेले आणि घरातली जुनी भाषा नातवंडांपर्यंत पोहोचली नाही. शेते मोठी झाली, शेतकरी कुटुंबे घटली. कित्येक हॉल पाडले गेले. सेंट पॉलमधील प्रॉम बॉलरूम १९८७ मध्ये गेली. ग्रॅमीतील पोल्काचा स्वतंत्र विभाग २००९ मध्ये बंद करण्यात आला. त्या विभागात जिमी स्टरने १८ पुरस्कार मिळवले होते. विभाग बंद करण्याचा निर्णय या लोकांच्या जिव्हारी लागला आणि तो अन्यायकारकच होता. विक्रीच्या आकड्यांत न मावणारे संगीतही जिवंत असते.

ते कुठे जिवंत आहे हेही स्पष्ट दिसते. विस्कॉन्सिनने १९९० च्या दशकात कायदा करून पोल्काला राज्यनृत्याचा दर्जा दिला. त्या राज्यातील पुलास्की गावी १९७९ पासून ‘पोल्का डेज’ भरतात. टेक्सासात एनिस येथे मे महिन्याच्या अखेरीस मोठा उत्सव होतो. मिनेसोटाच्या लोहखाणींच्या भागात फादर फ्रँक पर्कोविच यांनी १९७० च्या दशकात चर्चमधील प्रार्थनेलाच पोल्काच्या चाली दिल्या. ‘पोल्का मास’ची ती प्रथा पुष्कळ गावांत पसरली. टेक्सासात जुने हॉल वाचवण्यासाठी टेक्सास डान्स हॉल प्रिझर्व्हेशन ही संस्था काम करते. तरी हॉल टिकवणे हे मुख्यतः गावकऱ्यांचेच काम राहते. विम्याचा हप्ता आणि छपराचे पत्रे यांसाठी मासळीच्या जेवणावळी, सोडती आणि वाढदिवसांचे भाडे यांतून पैसा उभा करावा लागतो. अनेक ठिकाणी बँड सुरू होण्याआधी तासभर नवख्यांना पावले शिकवतात, आणि शिकवायला ज्येष्ठ मंडळी आपणहून येतात.