शेतातून सुटलेले हात

१९०० साली अमेरिकेत दर शंभर कामकऱ्यांपैकी सुमारे चाळीस जण शेतीत राबत होते. आज दोनही उरलेले नाहीत. तरी तिथली शेती ओस पडली नाही; पीक उलट कित्येक पटींनी वाढलं. एखाद्या धंद्याची भरभराट झाली की तिथे माणसं वाढणार असं आपण धरून चालतो. समाज कसे पालटतात हे समजून घ्यायचं तर या उलट्या हिशेबापासूनच सुरुवात करावी, असं मला वाटतं.

याचं निम्मं उत्तर पोटात आहे. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून १८५७ मध्ये एक नियम मांडला: मिळकत वाढत जाते तसा खर्चातला अन्नाचा वाटा घटत जातो. पैसा दुप्पट झाला म्हणून कुणी दुप्पट जेवत नाही. उरलेलं निम्मं उत्तर अवजारांत आणि खतांत. एका माणसाच्या कष्टांत अनेकांचं भागू लागलं, खाणाऱ्यांची भूक मात्र त्या मानाने वाढली नाही. मग शेतातले हात मोकळे झाले.

ते गेले गिरण्यांत. १७७१ मध्ये रिचर्ड आर्कराइट यांनी इंग्लंडमधल्या क्रॉमफर्डला पाण्याच्या जोरावर चालणारी सूतगिरणी उभारायला घेतली. पुढच्या ऐंशी वर्षांत त्या देशाचं रूपच पालटलं. १८५१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधले निम्म्याहून अधिक लोक शहरवासी निघाले.

पण मला आकड्यांपेक्षा मोठा बदल वाटतो तो वेळेचा. घरी मागावर बसणारा विणकर आपल्या सोयीने काम करी. सोमवारी सुट्टी घेऊन शनिवारी रात्रीपर्यंत माग चालवणं ही तेव्हा सर्रास चालणारी रीत होती. गिरणीत ते शक्य नव्हतं. एकच चाक शेकडो यंत्रं फिरवणार, तर शेकडो माणसांनी एकाच घटकेला हजर व्हायला हवं. भोंगा आला, उशिराचा दंड आला. तोवर गावागणिक घड्याळ वेगळं होतं. ब्रिस्टलचं लंडनच्या दहा मिनिटं मागे. रेल्वेचं वेळापत्रक त्या गोंधळात चालेना, म्हणून ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० मध्ये सगळ्या स्थानकांवर लंडनची वेळ लावली. देशभर एकच वेळ कायद्याने लागू व्हायला मात्र १८८० उजाडलं.

बालपणही असंच बदललं. शेतात मुलं आईबापांच्या सोबतीने काम करत. गिरणीत ती मुकादमाच्या ताब्यात गेली. १८३३ च्या कायद्याने बहुतेक कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना मज्जाव केला आणि तेरा वर्षांखालच्यांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. नऊ तास ही तेव्हाची सुधारणा होती! पुढे शाळा सक्तीची झाली. कमावणारं मूल आता खर्चाचं झालं, आणि इतर काही कारणांच्या जोडीने कुटुंबंही लहान होत गेली. १८७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये एका स्त्रीला सरासरी पाच मुलं होत. १९३० च्या दशकात ती दोनच्या आसपास आली.

अर्थव्यवस्थेची प्राथमिक (शेतीसारखे धंदे), द्वितीयक (कारखाने) आणि तृतीयक (सेवा) ही विभागणी अर्थतज्ज्ञ ॲलन फिशर आणि कॉलिन क्लार्क यांनी १९३० च्या दशकात आणि १९४० मध्ये रूढ केली. शेतीचं जे झालं तेच पुढे कारखान्यांचं झालं: यंत्रं सुधारली, थोड्या हातांत जास्त माल निघू लागला आणि माणसं सेवांकडे वळली. सेवांची गोष्ट मात्र वेगळी आहे. अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये दाखवलं, की चार वादकांची एखादी रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वी जेवढे वादक आणि जेवढा वेळ लागे, तेवढाच आजही लागतो. पगार मात्र बाकीच्या धंद्यांबरोबर वाढवावा लागतो. शिक्षण आणि शुश्रूषा महाग का होत जातात, याचं एक मोठं कारण हेच. तिथे माणसाचा वेळ हाच तर माल असतो.

ब्रिटनला जे करायला दीड-दोनशे वर्षं लागली ते दक्षिण कोरियाने एका आयुष्यात उरकलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथले साठ टक्क्यांहून अधिक कामकरी शेतीत, मासेमारीत आणि जंगलात होते. भाताची रोपं लावलेल्या आजीची नात आज संगणकापुढे बसते. २०२३ मध्ये तिथला जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे मुलांची सरासरी, ०.७२ वर होता; जगातल्या अगदी तळाच्या दरांत. आजी आणि नात एकाच घरात बसल्या तरी त्यांची जगं किती दूरची असतील!

आज अनेक देशांत हात शेतातून सुटतात, पण कारखान्यात पोचतच नाहीत. थेट छोट्यामोठ्या सेवांत जातात. अर्थतज्ज्ञ डॅनी रॉड्रिक याला अकाली निरौद्योगिकीकरण म्हणतात. मला हे काळजीचं वाटतं. शेतातून आलेल्या, फारसं न शिकलेल्या माणसाला कारखाना थोड्या दिवसांत कामाला लावून बरी मजुरी देऊ शकत असे, आणि त्याचा माल परदेशीही खपे. शिवाय तो हजार माणसांना एका छपराखाली आणत असे. थकवा सगळ्यांचा सारखा, मालक एकच. म्हणून संघटना उभ्या राहिल्या आणि कामाच्या तासांना लगाम बसला. घरोघरी, रस्तोरस्ती विखुरलेल्या कामगारांना तसं छप्पर कुठे मिळणार, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.