एनॅमलचं जमलं, डेंटीनने दमवलं: दाताच्या रंगाचं फिलिंग चिकटतं कसं

दातात चांदी भरायची का दाताच्या रंगाचं सिमेंट, हे आपल्याकडे दवाखान्यात अजून विचारलं जातं, आणि पांढरं भरलेलं निघून येतं हेही ठामपणे सांगणारे बरेच भेटतात. ते का निघतं हे कळायला फिलिंगच्या खालचा बाँडचा, म्हणजे फिलिंग दाताला चिकटवणाऱ्या द्रवाचा, पातळ थर समजून घ्यावा लागतो.

चांदी म्हणजे अमाल्गम, ते दाताला चिकटत नाही, नुसतं अडकून बसतं. म्हणून खड्डा आतून रुंद आणि तोंडाशी अरुंद कोरायचा, आणि त्यापायी कीड नसलेला चांगला दातही थोडा जायचा. माझ्या मते बाँडिंगचं सगळ्यात मोठं देणं हेच की हे कापणं वाचलं, रंग जुळतो ते नंतरचं.

पहिली मोठी उडी १९५५ ची. अमेरिकेत रॉचेस्टरला मायकेल बुओनोकोर यांनी बघितलं की कारखान्यात धातूवर रंग नीट धरावा म्हणून आधी फॉस्फोरिक ॲसिड लावतात, मग दातावर का नको? त्यांनी ८५ टक्के ॲसिड ३० सेकंद एनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरावर, लावून धुतलं आणि वर ॲक्रिलिक हे प्लास्टिक चिकटवलं तर ते कितीतरी जास्त टिकलं. एनॅमल वजनाने जवळजवळ ९६ टक्के खनिज, ॲसिडने त्यावर बारीक बारीक खड्डे पडतात, पातळ रेझिन, म्हणजे नंतर कडक होणारं प्लास्टिकसारखं द्रव, त्यात शिरतं आणि घट्ट होऊन तिथंच रुतून बसतं, इतकं साधं. पण भरायला चांगलं मटेरियल नव्हतं, ॲक्रिलिक आकसायचं, कडेला फट पडायची. राफेल बोवेन यांच्या बिस-जीएमए रेझिनचं पेटंट १९६२ चं, आजची कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाची फिलिंगं, त्याच वाटेने आली.

खरा त्रास डेंटीनने, म्हणजे एनॅमलच्या आतल्या थराने, दिला. त्यात खनिज ७० टक्क्यांच्या आसपास, बाकी कोलॅजन हे प्रथिन आणि पाणी, वर असंख्य बारीक नळ्या ज्यातून ओल सतत वर येत राहते, आणि रेझिनला पाणी आवडत नाही. तसा प्रयत्न बुओनोकोर यांच्या आधीही झाला होता, स्विस केमिस्ट ऑस्कर हॅगर यांनी १९४९ च्या सुमारास आम्लधर्मी रेझिन काढलं, ते सेव्रिटॉन नावाने बाजारातही आलं, पण असला बाँड पाण्यात टिकेना.

पाश्चात्य डॉक्टरांना तर डेंटीनवर ॲसिड लावायचीच भीती, आतली नस दुखावेल म्हणून. जपानमध्ये ताकाओ फुसायामा यांनी १९७९ मध्ये एनॅमल आणि डेंटीन दोन्हीला एकदमच ॲसिड लावून दाखवलं, त्यावर बरीच वर्षं वाद चालला. मग १९८२ मध्ये नोबुओ नाकाबायाशी यांनी दाखवलं की ॲसिडने खनिज निघून गेल्यावर कोलॅजनची जी जाळी उरते तिच्यात रेझिन झिरपून दोघांचा मिळून एक थर तयार होतो. तोच हायब्रिड लेअर. मला विचाराल तर या सगळ्या प्रवासातला सगळ्यात सुंदर शोध हा, कारण डेंटीनला चिकटायचं म्हणजे नक्की कशाला चिकटायचं हे त्याने कळलं.

पण ती जाळी फार नाजूक, हवा मारून कोरडी केली की बसते आणि रेझिन आत जात नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन कांका वगैरे मंडळींनी सांगितलं की डेंटीन किंचित ओलं ठेवा. हे किंचित म्हणजे किती, इथेच हाताहाताचा फरक पडतो, बाँडची बाटली तीच असली तरी एकाचं फिलिंग वर्षानुवर्षं राहतं आणि दुसऱ्याचं निघतं. वर लाळ लागली तर विचारूच नका, म्हणून रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवायचा रबराचा पडदा, लावायचा कंटाळा करू नये असं मला मनापासून वाटतं.

२००४ मध्ये डेव्हिड पॅश्ली आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, डेंटीनमध्ये स्वतःचीच एन्झाइम्स असतात आणि रेझिनने न झाकलेलं कोलॅजन ती हळूहळू खातात, म्हणजे पहिल्या दिवशी मजबूत असलेला बाँडही आतून कमजोर होत जातो.

जपानी कंपनी कुरारेने १९८० च्या दशकात आणलेला एमडीपी हा रेणू इथे कामी आला, तो दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक जोड करतो आणि त्याला वेगळं ॲसिड लावून धुवावं लागत नाही. आजच्या बहुतेक युनिव्हर्सल बाँडमध्ये, म्हणजे आधी ॲसिड लावून किंवा न लावताही चालणाऱ्या बाँडमध्ये, तोच असतो. डेंटीनवर तो छान चालतो पण एनॅमलवर एकटा कमी पडतो, म्हणून आजही बरेच डेंटिस्ट आधी नुसत्या एनॅमलच्या कडेला ॲसिडचा जेल १५ सेकंद लावून धुतात, फक्त आता ८५ टक्क्यांऐवजी ३७ च्या आसपास.