फेअरवे हुकणं वेगळं, चेंडू गमावणं वेगळं

गोल्फमध्ये टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, मारलेला एक चेंडू फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) दोन हात बाहेर, आखूड गवतात थांबला. दुसरा पांढऱ्या खुंट्यांपलीकडे, हद्दीबाहेर गेला. आकडेवारीत दोन्हींची नोंद एकच: फेअरवे हुकला. खेळताना मात्र पहिल्यात पुढचा फटका जरा अवघड होतो, इतकंच. दुसऱ्यात एक फटका दंडाचा आणि पुन्हा टीवरून तिसरा फटका, म्हणजे कमावलेलं अंतरही पाण्यात.

हा फरक लक्षात न घेताच आपण 'जरा कमी मार, पण सरळ मार' असा सल्ला देऊन मोकळे होतो. हिशोब करून बघा. ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या काठीने, मारलेला 250 यार्डांचा फटका (ड्राइव्ह) 5 अंश वाकडा गेला तर मधल्या रेषेपासून सुमारे 22 यार्ड बाजूला पडतो. थ्री-वुड या त्याहून आखूड काठीने 225 यार्ड मारला आणि तितकाच वाकडा गेला, तर सुमारे 20 यार्ड. दोन यार्ड वाचवायला पंचवीस यार्ड मोजले! थ्री-वुडचा लॉफ्ट (काठीच्या तोंडाचा कल) जास्त, साधारण 15 अंश, त्यामुळे चेंडू कमी वळतो. शाफ्टही (दांडाही) आखूड, म्हणून फटका मधोमध बसायची शक्यता वाढते. पण ड्रायव्हरचं डोकं मोठं, चुकलेला फटकाही बराच सांभाळून घेतं. कित्येकांच्या हातात थ्री-वुड सरळ जात नाही, नुसताच कमी जातो.

न्यूयॉर्कजवळच्या विंग्ड फूट मैदानावर 2020 साली ब्रायसन डिशॅम्बोने यूएस ओपन ही मोठी स्पर्धा सहा फटक्यांनी जिंकली. चार दिवसांत 56 पैकी 23 फेअरवे त्याला मिळाले होते. चेंडू रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या लांब गवतात) गेला तरी तो ग्रीनच्या (खड्डा असलेल्या हिरवळीच्या) इतका जवळ असायचा की आखूड आयर्नने (जवळच्या फटक्याच्या काठीने) गवतातून उचलता यायचा. त्याच मैदानावर 2006 च्या यूएस ओपनमध्ये फिल मिकलसन एका फटक्याने पुढे होता. शेवटच्या होलवर ड्रायव्हर काढला, चेंडू डावीकडे तंबूवर आदळला. तरी गवत बरं होतं आणि दंडही नव्हता. समोर झाडं होती. बाजूला काढण्याऐवजी त्याने वळवून मारायला घेतला, चेंडू झाडावर आपटला, शेवटी डबल बोगी (ठरलेल्या फटक्यांपेक्षा दोन जास्त) आणि एका फटक्याने हार. दोष ड्रायव्हरला दिला जातो. मला तो दुसरा फटका जास्त खुपतो.

म्हणून आधी स्वतःच्या ड्राइव्हचा फैलाव माहीत हवा. सरावात वीसेक चेंडू मारा आणि सर्वांत डावा व सर्वांत उजवा यांत किती अंतर आहे ते बघा. फार सुंदर बसलेला एकच फटका धरून बसू नका (तो मोह मलाही होतो). समजा फैलाव 60 यार्डांचा आहे आणि उजवीकडची हद्द मधल्या रेषेपासून 25 यार्डांवर. मधोमध नेम धरलात तर काही चेंडू बाहेर जाणारच. नेम दहा यार्ड डावीकडे सरकवा; काही चेंडू डाव्या रफमध्ये जातील, जाऊ देत. डावीकडे पाणी असेल, नाहीतर ड्राइव्ह पडतो नेमकी तिथेच वाट अरुंद होत असेल, तरच ड्रायव्हर बॅगेत ठेवा.